रातपाळी, करडईचं तेल आणि पालथी परात



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, विषय कसा निवडला?" खरं सांगायचं तर विषय निवडणं फार अवघड नसतं. अवघड असतं ते विषयातून नीट प्रश्न काढणं. माझा पहिला प्रश्न सपशेल चुकला होता. तो कसा चुकला आणि का चुकला, हे सांगण्यासाठी आजचा लेख. यात थोडा गिरण्यांचा इतिहास आहे, थोडा मालीशचा इतिहास आहे आणि थोडं माझ्या घरचं आहे.

मी मूळची मंद्रूपची. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर आमचं गाव. ज्वारी, करडई आणि अलीकडं ऊस. आजोबा सोलापूरच्या एका कापड गिरणीत होते. रातपाळी सुटली की सकाळच्या एस.टी.नं ते गावी यायचे, आणि आज्जी त्यांच्या तळपायाला करडईचं तेल लावून काशाच्या वाटीनं घासायची. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, पुढं कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासाकडं वळले, तेव्हा डोक्यात हेच चित्र होतं. म्हणून पहिल्या आराखड्यात मी ऐटीत लिहिलं : "मालीशमुळे रातपाळीच्या कामगारांचा ताण कमी होतो का? एक ऐतिहासिक व शास्त्रीय अभ्यास."

माझ्या गाईड मॅडमनी आराखडा वाचला आणि एवढंच विचारलं, "रातपाळी कुठून आली, हे कुठंय यात?"

मला वाटलं, रातपाळी काय, असतेच की. पाऊस असतो तशी. पण तशी ती नसते.

रात्र कामाची कधी झाली?

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं गिरणी कामगारांची सभा भरली. लोखंडे 'दीनबंधू' चालवत होते, सत्यशोधक चळवळीतले होते. त्या सभेतल्या मागण्या एकदा नीट बघा : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. आणि आणखी एक : गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला बंद व्हावी.

ही शेवटची मागणी मी दहा वेळा वाचली असेल, पण तिचं महत्त्व लक्षात यायला वर्ष लागलं. कामगार तासांची संख्या मागत नव्हते, ते सूर्य मागत होते. त्या काळात गिरण्यांचा दिवस बहुतेक उजेडावर ठरायचा. उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. दिवस कितीही लांबला तरी अंधार पडला की काम आपोआप थांबायचं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावं लागलं. पण संध्याकाळी थांबवायचं काम तोवर सूर्यच करत होता.

मग वीज आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १९०४-०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे पसरले. बाजारात तेजी होती. गिरण्या अंधारातही चालू लागल्या आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत गेला. १९०५ मध्ये यावरून मुंबईत कामगारांचा उद्रेक झाला, गिरण्यांवर दगड पडले. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. सरकारनं १९०६ मध्ये एक समिती नेमली आणि पाठोपाठ १९०७-०८ मध्ये आयोग.

या आयोगातला एक माणूस तुम्ही लक्षात ठेवा : मद्रासचे डॉ. टी. एम. नायर. पेशानं डॉक्टर. आयोगातल्या बहुमताचं म्हणणं पडलं की प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर थेट मर्यादा घालू नये. नायर यांनी वेगळं मतपत्र लिहिलं आणि मर्यादा थेटच घातली पाहिजे असं मांडलं. पुढं १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आलीच. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. थकलेल्या कामगाराकडं बघून एका डॉक्टरनं औषध लिहून दिलं नाही, त्यानं तास कमी करा म्हटलं.

पुढचे टप्पे भराभर सांगते. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांसाठी ५४, १९४६ मध्ये ४८. पण इथं एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. एका माणसाचे तास कमी झाले म्हणून यंत्राचे तास कमी झाले नाहीत. यंत्र बंद ठेवणं मालकाला परवडत नव्हतं. मग काय केलं? माणसं बदलली. १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दुसरी पाळी सर्रास सुरू झाली, नंतर तिसरीही. म्हणजे आधी 'लांबलेला दिवस' होता, आता 'पाळी' आली. तास कमी झाले हे कामगारांनी लढून मिळवलं होतं, ते खरंच मोठं होतं. पण त्याच हिशेबात रात्र कामाच्या रजिस्टरमध्ये कायमची नोंदली गेली.

बायकांचं काय? १८९१ च्या कायद्यानं, काही अपवाद सोडून, रात्री ८ ते पहाटे ५ बायकांना गिरणीत काम करायला बंदी होती. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बायकांच्या रात्रकामाविषयीचा करार झाला आणि भारतानं तो स्वीकारला. म्हणून गिरणीची रातपाळी कागदोपत्री पुरुषांची झाली. 'कागदोपत्री' हा शब्द मुद्दाम वापरलाय. पुढं त्याच्याकडं परत येते.

सोलापुरात हे सगळं थोड्याफार फरकानं घडलं. 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' म्हणजे आपली जुनी मिल १८७७ सालची. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या आणि शहराचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून विचारा, ते वेळ सांगताना "दुसऱ्या भोंग्याला" असं म्हणतात. आजोबा गिरणीत लागले तेव्हा तिसरी पाळी ही कुणी आणलेली गोष्ट वाटत नव्हती, ती होतीच. मलाही तशीच वाटली होती.

मालीशचा इतिहास, आणि त्यातले दावे

आता दुसऱ्या बाजूला या. आपल्याकडं अंगाला तेल लावण्याचं शास्त्र जुनं आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त अभ्यंग रोजच्या दिनचर्येत येतो. म्हातारपण, श्रम आणि वात यांच्यावर तो उपयोगी सांगितलाय, आणि डोकं, कान व पाय इथं विशेष करावा असं म्हटलंय. आमच्या आज्जीनं वाग्भट वाचला नव्हता, पण पायाचं महत्त्व तिला माहीत होतं.

त्याच ग्रंथात मला आणखी एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीत सरळ बसले. सवय नसताना रात्री जागरण झालं तर काय करावं? वाग्भट सांगतो : जेवढा वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता झोपावं. म्हणजे जागरणावरचा त्याचा पहिला उपाय झोप हा आहे. तेल नाही! चरकानंही झोप न येण्यावर जे उपाय सांगितलेत त्यांत अभ्यंग आहे, पण तो झोप आणण्यासाठी आहे, झोपेच्या बदल्यात नाही. हा फरक मी माझ्या आराखड्यात गिळून टाकला होता.

मालीश नुसती घरात राहिली नाही. १७५९ मध्ये पाटण्याला जन्मलेले दीन महोमेद इंग्लंडला गेले, ब्रायटनला स्नानगृह काढलं आणि चंपी करू लागले. १८२२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीतला 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चांपणे'च्याच घरातला. तिकडं युरोपात मालीश दवाखान्यात शिरली. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार स्त्रियांनी प्रशिक्षित मालीशकर्त्यांची संस्था काढली. तीच पुढं वाढत फिजिओथेरपीची संस्था झाली. आपल्याकडं मात्र मालीश न्हाव्याच्या हातात, तालमीत, चौपाटीवर आणि घरातल्या बायकांकडं राहिली. 'प्यासा' (१९५७) मधला जॉनी वॉकरचा मालीशवाला आठवा.

आता प्रयोगशाळेत चला. इटलीतल्या ट्युरिनला आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी थकवा मोजायला 'अर्गोग्राफ' हे यंत्र बनवलं. एका बोटाला वजन बांधायचं, ते ठरावीक तालावर उचलत राहायचं, आणि उंची कमी होत जाते ती कागदावर रेखाटायची. १८९१ मध्ये त्यांचं थकव्यावरचं पुस्तक आलं. थकवा म्हणजे रक्तात साठणारं एक प्रकारचं विष, असं त्यांना वाटत होतं. दमलेल्या कुत्र्याचं रक्त ताज्यातवान्या कुत्र्याला टोचून त्यांनी ते दाखवायचा प्रयत्नही केला. त्यांच्याच सोबतच्या माज्जोरानं अर्गोग्राफवर मालीश तपासली. मालीश केलेला स्नायू जास्त काम देतो असं त्याला दिसलं. इतकंच नाही, लांबची चाल, डोक्याचं काम किंवा जागरण यांनी थकलेल्या माणसाच्या स्नायूलाही मालीशनं ताकद परत येते, असं त्यानं मांडलं.

हे वाचून मी अक्षरशः उडाले. जागरण आणि मालीश, तेही १८९० च्या आसपास! वाटलं, सापडला धागा. मग मॅडमनी परत विचारलं, "त्यानं काय मोजलं?"

त्यानं बोट मोजलं. बोटानं किती वजन उचललं ते. माणसाला बरं वाटतंय का, झोप लागली का, आठ दिवसांनी काय झालं, हे मोजलंच नाही. प्रश्न असा होता : दमलेल्या स्नायूकडून अजून काम निघेल का? तुम्ही कारखान्याच्या बाजूनं विचार केला तर हा अगदी योग्य प्रश्न आहे. कामगाराच्या बाजूनं तो वेगळाच प्रश्न आहे. संशोधनात कुठलंही माप दिसलं की आधी विचारायचं, हे कुणाच्या सोयीचं माप आहे?

'थकव्याचं विष' हा विचारही किती चिवट निघाला बघा. पुढं त्याची जागा लॅक्टिक ॲसिडनं घेतली. आजही कुठल्याही जिममध्ये तुम्हाला सांगतील की मालीशनं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. २०१२ मध्ये क्रेन आणि सहकाऱ्यांनी ११ तरुणांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावला, एका पायाला दहा मिनिटं मालीश केली, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे तुकडे घेऊन तपासले. सूज वाढवणारे पेशीतले संकेत मालीशनं कमी झालेले दिसले. लॅक्टेटवर परिणाम दिसला नाही. म्हणजे मालीशचा परिणाम खरा, पण शंभर वर्षं सांगितलेलं कारण चुकीचं. हे संशोधनात वरचेवर होतं. एखादी गोष्ट उपयोगी पडते म्हणून तिचं प्रचलित स्पष्टीकरणही बरोबर असेलच असं नाही.

कॉर्टिसॉलचा सापळा

आता ताणाकडं. हा भाग शास्त्र शाखेतल्या मुलांनी जरा सावकाश वाचा. कारण मी याच खड्ड्यात पडले होते.

माझ्या पहिल्या आराखड्यात एक छोटा प्रयोगही होता. रातपाळी करून आलेल्यांची लाळ घ्यायची, कॉर्टिसॉल मोजायचं, मालीश करायची, परत मोजायचं. कॉर्टिसॉल घटलं की ताण घटला. सोपं! आधाराला २००५ मधला टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांचा आढावा होता. मायामीतल्या त्यांच्या संस्थेत स्पर्शावर खूप काम झालंय. मालीशनंतर कॉर्टिसॉल सरासरी ३१ टक्के घटतं असं त्यात म्हटलेलं.

मग मी २०११ मधला मोयर आणि सहकाऱ्यांचा आढावा वाचला. त्यांनी विचारलं, मालीश न केलेल्या गटाशी तुलना केली तर काय उरतं? उत्तर आलं : फारच थोडं, बहुतेक ठिकाणी शून्यापासून वेगळं काढता येणार नाही इतकं. असं कसं? कारण कॉर्टिसॉल काही एका जागी बसून राहत नाही. त्याला दिवसाची स्वतःची चढउतार आहे. उठल्यावर साधारण अर्ध्या तासात ते शिखरावर जातं आणि मग दिवसभर उतरत जातं, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. आता माझा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला पाळी सुटली, आठला लाळ, नऊला परत लाळ. मधल्या तासात मी त्या माणसाला मालीश केली काय आणि चहा पाजून गप्पा मारल्या काय, कॉर्टिसॉल उतरण्याचीच शक्यता जास्त. आणि श्रेय मात्र मी तेलाला देणार होते!

त्यात रातपाळीवाल्याची चढउतार स्वतःच विस्कटलेली. कुणाची सरकलेली, कुणाची नाही. म्हणजे ज्या पट्टीनं मोजायचं तीच पट्टी ताणलेली.

याचा अर्थ मालीश फसवी आहे असा नाही. मोयर यांनीच २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. एका वेळच्या मालीशनंही त्या घडीची चिंता, रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी झालेला दिसला. अनेक वेळा केल्यावर स्वभावात मुरलेली चिंता आणि नैराश्य यांवर चांगला परिणाम दिसला. आज्जीच्या वाटीनं आजोबांना बरं वाटायचं, ते खोटं नव्हतंच. मात्र 'बरं वाटणं' आणि 'रातपाळीचं नुकसान भरून निघणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण रातपाळीचं मुख्य दुखणं स्नायूत नाही, घड्याळात आहे. १९७१ मध्ये कोनोपका आणि बेंझर यांनी फळमाशीत असा जनुक दाखवला की तो बिघडला की माशीचं दिवसाचं चक्रच बदलतं. पुढं त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूत आहे आणि ते जुळवून घेतं मुख्यतः डोळ्यांत पडणाऱ्या उजेडावर. रातपाळीवाला सकाळी घरी जाताना लख्ख ऊन अंगावर घेतो आणि घड्याळ म्हणतं, उठ, दिवस झाला. अशा वेळी पायाला कितीही तेल लावा, घड्याळापर्यंत ते पोचत नाही. २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रातपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं, ते याच विस्कटलेल्या चक्रामुळं.

रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा

इथपर्यंत आले आणि मला वाटलं, विषय संपला. आराखडा फाडायचा. पण आज्जीची मुलाखत मी आधीच घेऊन ठेवली होती. दीड तासाचं रेकॉर्डिंग. त्यातलं मालीशवालं तेवढं मी टाइप केलेलं. तेल कुठलं, कुठल्या घाण्याचं, वाटी कुणी दिली, किती वेळ घासायची. मॅडम म्हणाल्या, "सगळं टाइप कर. तुला नको आहे तेही."

आणि ते सापडलं.

मी विचारतेय, "तेल लावल्यावर झोप लागायची का गं?" आज्जी म्हणते, "लागायची की. पण उन्हाची तिरीप आली की उठून बसायचे. मग मी खिडकीला घोंगडं लावायची. वर माळवदावर चढून झरोक्यावर परात पालथी घालायची. पोरास्नी हाकलायची देवळाकडं. दुपारपर्यंत चूल नाही, जातं नाही, काय नाही."

आणि यावर मी काय म्हणते माहितेय? "बरं, आणि तेल कोमट करायचीस का?"

रेकॉर्डिंग ऐकताना मला स्वतःची लाज वाटली. तिनं मला अंधार सांगितला होता, शांतता सांगितली होती. उजेडामुळं दिवसा झोप मोडते हे तिनं नोबेलच्या कितीतरी आधी, नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून ओळखलं होतं. माळवदावर चढून झरोक्यावर परात घालणारी बाई हाच खरा प्रयोग होता, आणि मी तिला तेलाचं तापमान विचारत होते. प्रश्नावली हातात घेऊन बसलं की असं होतं. आपण ऐकायला जातो आणि आपलंच उत्तर शोधत बसतो.

मग मी पुढं ऐकलं. सकाळी चूल पेटवता येत नाही, धूर होतो. जातं फिरवता येत नाही, आवाज होतो. मग ते कधी करायचं? "पहाटं तीनला उठायची. त्ये यायच्या आत सगळं उरकायची."

आता तो 'कागदोपत्री' शब्द आठवा. कायद्यानं बायकांना गिरणीच्या रातपाळीपासून लांब ठेवलं. पण नवऱ्याच्या रातपाळीनं मंद्रूपच्या घरात एक दुसरी रातपाळी सुरू केली होती. तिला भोंगा नव्हता, पगार नव्हता, बदली कामगारही नव्हता.

ही पाळी तुम्हाला दप्तरात सापडणार नाही. सरकारनं कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्या केल्या होत्या. सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाचा अहवाल १९२८ मध्ये छापला गेला. भाडं, धान्य, कपडे, कर्ज असं त्या काळाचं बरंच काही अशा अहवालांतून कळतं. पण ज्याला पैसे पडत नाहीत ते जमाखर्चात येत नाही. न्हाव्याला चार पैसे देऊन मालीश केली तर तो खर्च आहे. बायकोनं केली तर काहीच नाही. तुम्ही फक्त दप्तर वाचलंत तर तुम्हाला वाटेल, असं काही घडतच नव्हतं.

कायद्यालाही हे पूर्ण दिसलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात रातपाळीच्या सुट्टीचा नियम होता : पाळी मध्यरात्रीच्या पलीकडं जात असेल तर सुट्टीचे २४ तास पाळी सुटल्यापासून मोजायचे. नियम चांगल्या हेतूनं केला होता, नाहीतर सुट्टीचा दिवस कामातच सुरू झाला असता. पण विचार करा, सकाळी सातला सुट्टी सुरू झाली. माणूस झोपला. उठेपर्यंत अर्धा दिवस गेला. त्याच कायद्यात दीडशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथं विश्रांतीची खोली सांगितली होती. कामाच्या जागी खोली होती. घरात मात्र एक परात.

आता मंद्रूपमध्ये

गिरण्या गेल्या. भोंगे गेले. रातपाळी गेली नाही. फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प रात्रीही चालतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या. दवाखान्यात नर्सताई रात्रभर जाग्या. आणि सगळ्यात मोठी, कुणीच न मोजलेली रातपाळी म्हणजे शेताची. आमच्या भागात शेतीला थ्री-फेज वीज आलटून-पालटून मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीच्या आठवड्यात माझे वडील बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. साप, थंडी, चिखल. सकाळी येतात आणि कपडे बदलून सोसायटीच्या कामाला निघतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. माझ्या दृष्टीनं ती ऊर्जेची योजना आहेच, पण झोपेचीही आहे. आणि खरं तर ती मागणी १८८४ चीच आहे : सूर्य आहे तोवर काम.

कामाच्या जागी मालीशची खुर्ची, ताणमुक्तीचं शिबिर, योगाचा तास हे सगळं हल्ली कंपन्यांत चालतं. मी त्याच्या विरोधात नाही. दमलेल्या अंगाला हात लावणारं कुणी असणं ही साधी गोष्ट नाही. पण ज्या वेळी ताण कमी करायचा उपाय पुढं येतो, त्या वेळी ताण कुठून आला हा प्रश्न मागं पडतो. लोखंड्यांच्या कामगारांनी तेल मागितलं नव्हतं. त्यांनी वेळ मागितली होती.

तर आता माझा प्रश्न असा झालाय : सोलापूर भागात रातपाळी करणाऱ्याची झोप कोण राखत होतं, कशी राखत होतं, आणि त्यासाठी कुणाची झोप जात होती? मालीश त्यात आहे. पण ती एका मोठ्या गोष्टीचा एक भाग म्हणून आहे.

तुम्ही आराखडा लिहायला बसाल तेव्हा माझ्या चुकांचा एवढा उपयोग करून घ्या. 'अमुक केल्यानं तमुक कमी होतं का' असा प्रश्न सुचला की आधी 'तमुक' कुठून आलं त्याचा इतिहास काढा. कुणी काही मोजलं असेल तर नेमकं काय मोजलं, किती वाजता मोजलं आणि कुणाशी तुलना केली ते बघा. एखादा उपाय लागू पडतो आणि त्याचं कारण खरं आहे, ही दोन वेगवेगळी विधानं समजा. मुलाखत पूर्ण टाइप करा, कंटाळा आला तरी. आणि दप्तरात एखादी गोष्ट नसेल तर ती लिहिणाऱ्याला का दिसली नसेल, याचा विचार करा.

गेल्या दिवाळीत मी आज्जीला विचारलं, "आज्जी, तुझे पाय कोण घासायचं?" ती हसली. म्हणाली, "मला कुठली गं रातपाळी?"

हे वाक्य मी पूर्ण टाइप केलंय. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

तुमचा आराखडा अडला असेल तर कळवा. पुढच्या वेळी जुने सरकारी अहवाल कसे वाचायचे ते सविस्तर लिहिते. तोवर रात्री जागून वाचू नका. जागलातच, तर सकाळी निम्मा वेळ झोपा. वाग्भटानं परवानगी दिलीय.